मधल्या घराचं उत्पन्न: आउझली काउंटी, केंटकी (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी २०१२, शनिवार

काम गळ्यात कसं पडलं ते आधी सांगतो. लेक्सिंग्टनहून दीड-पावणेदोन तासांवर, पूर्व केंटकीच्या डोंगरात आउझली काउंटी आहे. तिथे शाळा सुटल्यावर पोरांना जेवू घालणारं आणि अभ्यासाला बसवणारं एक छोटं मंडळ आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे ओळख झाली. त्यांना अनुदानाचा अर्ज करायचाय, मुदत २९ फेब्रुवारी. अर्जात एक रकाना आहे: तुमच्या भागातलं कुटुंबाचं मध्यक उत्पन्न (सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्या घराचं) गेल्या दहा वर्षांत कसं बदललं? आलेख जोडा. मी म्हणालो, एका शनिवारचं काम आहे, मी करतो. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. पण तालुक्याच्या मानाने माणसं किती? २००० च्या जनगणनेत ४,८५८, २०१० च्या जनगणनेत ४,७५५. आमच्या कराडच्या एका पेठेत याहून जास्त माणसं राहत असतील. बूनव्हिल हे तिथलं मुख्य गाव, २०१० ला लोकसंख्या ८१. पुढच्या सगळ्या भानगडी या छोटेपणातून निघतात, हे मला आज माहीत नव्हतं.

आजचं काम: एक वही घेतली, एक एक्सेल फाइल उघडली, नाव दिलं 'आउझली अंतिम'. चार तास.

८ जानेवारी

पहिली चूक पहिल्याच दिवशी. अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण ब्युरोचे (बीईए) काउंटीवार आकडे मिळाले: दरडोई वैयक्तिक उत्पन्न, दर वर्षाचं, एकही वर्ष न गाळता. अशी सलग मालिका दिसली की माणूस हुरळतो. मी दरडोई उत्पन्नाला घरटी सरासरी माणसांनी गुणलं आणि झालं म्हणालो. आकडा जनगणना ब्युरोच्या मध्यकाच्या दुपटीहूनही वर गेला.

कारणं दोन. दरडोई म्हणजे सरासरी, आणि सरासरीला दोन-चार बरी घरं वर ओढतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बीईएच्या 'वैयक्तिक उत्पन्ना'त सरकारने लोकांसाठी मोजलेला बराच पैसा धरतात. मेडिकेअर आणि मेडिकेड या म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनांखाली दवाखान्याला गेलेली बिलंसुद्धा. म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकारने केलं की तिचं 'उत्पन्न' वाढलं. आउझलीत तर एकूण वैयक्तिक उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त वाटा अशा सरकारी देयकांचा आहे. जनगणना ब्युरो घरात येणारी रोकड विचारतो: पगार, शेती, धंदा, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन), अपंगत्वाचा भत्ता वगैरे. फूड स्टॅम्प (गरिबांना धान्य-किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) त्यात धरत नाहीत, दवाखान्याचं बिलही नाही. एकाच घराकडे बघायची ही दोन वेगळी भिंगं आहेत. एकातला आकडा दुसऱ्यात घुसडायचा नाही.

सगळं पुसलं. फाइलचं नाव 'आउझली अंतिम २'. सहा तास गेले.

१० जानेवारी, मंगळवार रात्र

आता सरळ उगमाशी गेलो. २००० च्या जनगणनेत सरासरी सहा घरांतल्या एका घराला लांबलचक फॉर्म दिला होता, त्यात उत्पन्न विचारलं होतं. तक्ता पी ५३. आउझलीचं मध्यक कुटुंब उत्पन्न १५,८०५ डॉलर.

२०१० च्या जनगणनेत मात्र हा लांब फॉर्म नाहीच. त्याच्या जागी आता अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे (एसीएस) आहे, दर महिन्याला थोडी थोडी घरं घेत बाराही महिने चालणारा. ६५,००० च्या वर लोकसंख्या असेल तर दर वर्षाचा आकडा, २०,००० च्या वर असेल तर तीन वर्षांचा एकत्रित (नंतरची भर: हा प्रकार २०११–१३ च्या संचानंतर बंद झाला), आणि आउझलीसारख्यांच्या वाट्याला पाच वर्षांचा गाळ एकत्र करून काढलेला एकच आकडा. तक्ता बी १९०१३, संच २००६–१०, गेल्याच महिन्यात जाहीर झालाय. आउझली: १९,३५१ डॉलर.

दोन ठिपके मिळाले. १५,८०५ वरून १९,३५१. साडेबावीस टक्क्यांच्या आसपास वाढ. झोपायच्या आधी मंडळाच्या कार्यवाह बाईंना मेल टाकली: 'उत्पन्न वाढलंय.'

ती मेल परत घेता आली असती तर बरं झालं असतं.

(नंतरची भर, २०२४: तेव्हा मी अमेरिकन फॅक्टफाइंडर नावाच्या साइटवरून हे उतरवलं होतं. ती २०२० मध्ये बंद झाली. जुन्या शिकवण्यांमधले दुवे मेलेले आहेत, त्यात वेळ घालवू नका. तक्त्यांचे क्रमांक मात्र तेच आहेत, तेवढा क्रमांक धरून जनगणना ब्युरोच्या नव्या साइटवर शोधा.)

१४ जानेवारी, शनिवार

महागाई लावायची राहिली होती. श्रम सांख्यिकी ब्युरोचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला. २००० चा वार्षिक सरासरी निर्देशांक १७२.२, २०१० चा २१८.०५६. भागिले, गुणिले. १५,८०५ चे २०१० च्या डॉलरमध्ये २०,०१४ झाले. म्हणजे वाढ नाहीच, उलट साडेसहाशे डॉलरहून थोडी जास्त घट. मग मेलमध्ये मी जे लिहिलं ते?

संध्याकाळी तक्त्याचं पूर्ण शीर्षक पहिल्यांदा नीट वाचलं: '१९९९ मधील मध्यक कुटुंब उत्पन्न'. जनगणना एप्रिल २००० मध्ये झाली, पण विचारलं होतं आदल्या वर्षाचं उत्पन्न. साहजिक आहे, एप्रिलमध्ये त्या वर्षाचं उत्पन्न कोण सांगणार. मी वर्ष चुकवलं होतं. १९९९ चा निर्देशांक १६६.६. पुन्हा गणित: १५,८०५ × २१८.०५६ ÷ १६६.६ = २०,६८७.

एका वर्षाच्या चुकीने ६७३ डॉलर इकडचे तिकडे. जो फरक मी मोजायला निघालो होतो, त्याच्या निम्मी ही चूक. हे करणाऱ्यांना एकच सांगणं: आकड्याशेजारी दोन वेगळे रकाने ठेवा, 'कुठल्या वर्षी विचारलं' आणि 'कुठल्या वर्षाचं उत्पन्न'. आणि तिसरा, 'कुठल्या वर्षाचे डॉलर'. तिसऱ्याची गरज उद्या कळली.

१५ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ भारतीय दुकानातून आणला, दातांना आव्हान देणारा. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंगची सुट्टी, म्हणून रात्री उशिरापर्यंत बसलो आणि उत्साहात नवी चूक केली.

२००६–१० चा आकडा पाच वर्षांचा, मग त्याचं मधलं वर्ष २००८. म्हणून मी १९,३५१ ला २००८ चे डॉलर समजून २०१० वर आणलं. २००८ चा निर्देशांक २१५.३०३, फरक थोडाच: १९,५९८ झाले. फरक थोडा असला तरी चूक ती चूक. एसीएस पाच वर्षांतली सगळी उत्तरं आधीच शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणून मग मध्यक काढतो. १९,३५१ हे आधीच २०१० चे डॉलर आहेत. मी महागाई दोनदा लावत होतो.

आणि हेही लक्षात आलं की मधलं वर्ष २००८ म्हणणंच खोटं आहे. डिसेंबर २००७ ते जून २००९ ही मंदी या संचाच्या पोटात आहे. आधीची बरी वर्षं, मंदीची वर्षं आणि नंतरची, सगळ्यांची एकत्र मिसळ. हा आकडा २०१० चा नाही, २००८ चाही नाही. तो '२००६–१०' चाच आहे आणि आलेखात तो ठिपका न दाखवता पाच वर्षांची आडवी पट्टी म्हणून दाखवायला हवा. तसा केला.

आजअखेरचं खरं गणित: २०१० च्या डॉलरमध्ये १९९९ ला २०,६८७ आणि २००६–१० ला १९,३५१. नुसत्या डॉलरमध्ये २२.४ टक्के वाढ, महागाई ३०.९ टक्के, म्हणून खरी किंमत ६.५ टक्क्यांनी कमी. बाईंना दुसरी मेल: 'उत्पन्न घटलंय. आधीचं विसरा.' त्यांचं उत्तर आलं, 'हनी, तुझं एकदा काय ते ठरव.'

१९ जानेवारी

अर्जात फक्त आउझलीचा नाही, पाच काउंट्यांचा मिळून एक आकडाही हवाय, कारण पोरं शेजारच्या क्ले, जॅक्सन, ली आणि ब्रेथिट काउंट्यांतूनही येतात. पाच मध्यक घेतले, बेरीज केली, पाचने भागलं. एक मिनिट लागलं. फाइल सांगलीला मेहुण्याला पाठवली, तो कॉलेजात सांख्यिकी शिकवतो.

रात्री नऊला त्याचा स्काइप आला, तिकडे सकाळचे साडेसात. मागे कुकरची शिट्टी. चेहरा दिसायच्या आधी आवाज आला.

"दाजी, मध्यकांचा मध्य कधीपासून काढायला लागलात?"

"अरे, अंदाज म्हणून..."

"अंदाज कशाचा? क्लेमध्ये आउझलीच्या कितीतरी पट घरं. तुम्ही दोघांना एकेक मत दिलंत. आणि भारित सरासरी घेतलीत तरी ती मध्यकांची सरासरी, मध्यक नव्हेच. दहावीचं पुस्तक आठवा. वर्ग, वारंवारता, संचित वारंवारता."

दहावीच्या बीजगणितातला सांख्यिकीचा धडा पंचवीस वर्षांनी केंटकीत कामाला येईल असं आमच्या शिंगरे... नाव नको, आमच्या सरांना वाटलं नसेल. कृती अशी. एसीएसचा तक्ता बी १९००१ घरांची सोळा उत्पन्न-वर्गांत विभागणी देतो: १०,००० च्या खाली, मग पाच-पाच हजारांचे वर्ग ५०,००० पर्यंत, पुढे रुंद होत जाणारे, शेवटचा २ लाख आणि वर. २००० च्या जनगणनेचा पी ५२ अगदी हेच सोळा वर्ग देतो. पाचही काउंट्यांच्या प्रत्येक वर्गातली घरं बेरीज करायची, मग संचित बेरीज, मग मधलं घर ज्या वर्गात पडतं तो मध्यकवर्ग.

सोप्या आकड्यांवर दाखवतो. समजा पाचही मिळून ४,००० घरं. मधलं घर २,००० वं. २०,००० डॉलरच्या खालच्या सगळ्या वर्गांत मिळून १,८४० घरं आणि २०,००० ते २५,००० च्या वर्गात ४००. म्हणजे या वर्गात १६० घरं आत शिरायचं. १६० भागिले ४००, गुणिले ५,००० बरोबर २,०००. मध्यक २२,०००. बस्स. दहावीत पाठ केलेलं सूत्र हेच, फक्त रुपयांऐवजी डॉलर.

एक खाच: मधलं घर रुंद वर्गात पडलं, उदाहरणार्थ ७५,००० ते १ लाख, तर हे सरळ रेषेचं गणित ढोबळ होतं. जनगणना ब्युरो अडीच हजारांहून रुंद वर्गांसाठी पॅरेटोची वक्ररेषा वापरतो. आमच्या काउंट्यांत मधलं घर खालच्या पाच हजारांच्या, त्या मानाने अरुंद वर्गांतच पडतं, म्हणून मी सरळ रेषेवर भागवलं आणि तसं अर्जात लिहिलं.

२१ जानेवारी, शनिवार

अख्खा दिवस शून्यांनी खाल्ला. १९९९ चे वर्गवार आकडे मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस भांडारातून घेतले. नोंदणी करावी लागते, पैसे पडत नाहीत, सोय उत्तम आहे. पण प्रत्येक काउंटीला एक सांकेतिक क्रमांक असतो, केंटकी २१, आउझली १८९, ब्रेथिट ०२५, क्ले ०५१. एनएचजीआयएस ऐतिहासिक बदलांसाठी त्याच्या शेवटी एक शून्य जोडतं: १८९०, ०२५०, ०५१०. एक्सेल उघडताक्षणी पुढचं शून्य गिळतं. ०२५० चं २५० झालं. आणि दुसऱ्या फाइलीत ०२५ चं २५. जुळवणीला पहिले तीन अंक धरले, तर आउझली, ली आणि जॅक्सन जुळल्या, ब्रेथिट आणि क्ले गायब. एक्सेलने तक्रार केली नाही, गुपचूप तीनच काउंट्यांची बेरीज दिली आणि मी ती दुपारभर खरी मानली.

पकडलं कसं? एकूण घरं कमी दिसली म्हणून. तेव्हापासून प्रत्येक जुळवणीनंतर ओळी मोजतो. फाइल दुहेरी टिचकी मारून उघडायची नाही, आयात करताना तो रकाना 'मजकूर' म्हणून घ्यायचा. आठ तासांचं हे शिक्षण.

जाता जाता: बी १९०१३ चे वंशनिहाय तक्तेही उघडले होते. आउझलीत ९९ टक्क्यांच्या आसपास लोक गोरे, त्यामुळे बाकीच्या तक्त्यांत आकडाच नाही. कुठे नुसती आडवी रेघ असते, कुठे असल्या जागी उणे भलामोठा आकडा येतो. तो कोणाचंही उत्पन्न नाही, 'आकडा नाही' असा त्याचा अर्थ. चुकून सरासरीत घेतलात तर काउंटीचं दिवाळं निघेल.

२४ जानेवारी

बाईंच्या मंडळातल्या कुणीतरी विचारलं, दोनच ठिपके का? मधली वर्षं कुठे? रास्त प्रश्न. मधल्या वर्षांसाठी जनगणना ब्युरोचाच दुसरा उपक्रम आहे, छोट्या भागांचे उत्पन्न व दारिद्र्य अंदाज, आद्याक्षरांवरून मी त्याला सेपी म्हणतो. तो प्रत्येक काउंटीचं मध्यक उत्पन्न देतो: १९८९, १९९३, १९९५, आणि १९९७ पासून दर वर्षी.

हे सर्वेक्षण नाही, प्रतिमान (मॉडेल) आहे. म्हणजे छोट्या काउंटीतून सर्वेक्षणाला मिळालेली मूठभर घरं, आणि त्याला आधार म्हणून आयकर विवरणपत्रं, फूड स्टॅम्प घेणाऱ्यांची संख्या, बीईएचे आकडे. जिथे सर्वेक्षण लंगडं तिथे प्रतिमान जास्त बोलतं. आउझलीत ते बरंच बोलणार.

मी दोन गोष्टी बिघडवल्या. एक, मधली नसलेली वर्षं एक्सेलने सरळ रेषेने जोडली आणि १९९० ते ९२ ची जणू मोजणी झाली असं दिसायला लागलं. दुसरी गंभीर: २००५ पासून सेपीने पायाच बदलला. आधी 'चालू लोकसंख्या सर्वेक्षण' नावाच्या दुसऱ्या सर्वेक्षणावर उभं होतं, २००५ पासून एसीएसवर. दोन सर्वेक्षणांत उत्पन्न विचारायची पद्धत वेगळी, घरांची संख्या वेगळी. २००४ आणि २००५ मधली पायरी काही अंशी मोजपट्टी बदलल्याची आहे. मी त्या पायरीवर एक परिच्छेद लिहून बसलो होतो, डोंगरातल्या अर्थव्यवस्थेचं वळण वगैरे. काढून टाकला. बरा जमला होता, म्हणून जास्त लागलं.

सेपीचे आकडे त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात, एसीएससारखे एका वर्षावर आणलेले नसतात. इथे महागाई लावावीच लागते. वहीतला तिसरा रकाना इथे कामी आला.

ठरवलं: सेपीच्या दोन वेगळ्या रेषा, २००४ पर्यंतची आणि २००५ पासूनची, मध्ये मोकळी जागा. कितीही विचित्र दिसलं तरी. १९८९ पर्यंत मागे जायचा मोह आवरला. तेव्हाच्या निर्देशांकाची पद्धत पुढे बदलली, त्यासाठी सुधारित मालिका लागते, आणि अर्जाला दहाच वर्षं हवीत.

२८ जानेवारी, शनिवार. प्रत्यक्ष बूनव्हिल

माउंटन पार्कवेने स्लेडपर्यंत, तिथून ११ नंबरचा रस्ता बीटीव्हिलवरून. शेवटचे तीस मैल वळणं इतकी की कुंभार्ली घाट आठवला. पेट्रोल जाऊन-येऊन वीस डॉलरच्या घरात.

मंडळ एका इमारतीच्या तळघरात चालतं. लांब टेबलं, भिंतीला पोरांची चित्रं, कोपऱ्यात भलामोठा फ्रीज आणि त्यावर कागद: 'दूध आधी जुनं'. कार्यवाह बाई सत्तरीच्या. मक्याचा ब्रेड पुढे ठेवला, आपल्या मक्याच्या भाकरीचा हा लोणी खाऊन सुटलेला भाऊ. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला, अभिमानाने समजावायला लागलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"इथल्या किती घरांना विचारलं?"

मी म्हणालो, पाच वर्षांत मिळून थोड्याच.

"मग उरलेल्यांचं कसं कळलं?"

मी मार्जिनबद्दल, म्हणजे आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो त्याबद्दल बोलू लागलो आणि बोलता बोलता लक्षात आलं, की आलेखात मी मार्जिन दाखवलेलंच नाही. आकड्याशेजारचा तो रकाना पहिल्याच दिवशी 'गोंधळ नको' म्हणून लपवला होता. एक्सेलमध्ये रकाना लपवला की डोक्यातूनही जातो.

तेवढ्यात भांडी आवरत असलेले एक म्हातारे गृहस्थ बोलले. त्यांच्याकडे तंबाखू होता, बर्ली जातीचा. २००४ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूचा कोटा (कुणी किती पिकवायचा याची मर्यादा) मोडला, कोटाधारकांना दहा वर्षांत हप्त्याने पैसे द्यायचं ठरवलं. काहींनी ते बँकेकडून एकरकमी उचलले. मुलगा ओहायोला गेला, सून गेली, घरात हे दोघं. "आमच्या घराचं उत्पन्न निम्म्यावर आलं असं तुझं यंत्र म्हणेल," ते म्हणाले, "पण खाणारी तोंडंही निम्मी झाली."

हे मी वहीत तसंच उतरवून घेतलं. मी दहा वर्षं एकाच घराचा माग काढत नाहीये. १९९९ चं मधलं घर आणि २००६–१० चं मधलं घर ही वेगळी घरं आहेत. कमावती मुलं बाहेर गेली, मागे पेन्शनवरचे राहिले, तर एकाही माणसाचा पगार न कापता मध्यक खाली येतो. एकरकमी मिळालेला पैसा, मालमत्ता विकून आलेला नफा तर या व्याख्येत धरतच नाहीत. परतीच्या वाटेवर रेडिओ लावला नाही.

१ फेब्रुवारी

मार्जिन. लपवलेला रकाना उघडला.

एसीएस प्रत्येक अंदाजाबरोबर ९० टक्के विश्वासाचं मार्जिन देतो. त्याला १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे थोडीच घरं विचारल्यामुळे आकडा किती हलू शकतो त्याचं माप. दोन अंदाजांतला फरक खरा की नशिबाचा हे बघायला दोघांच्या प्रमाण त्रुटींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं आणि फरकाला त्याने भागायचं. उत्तर १.६४५ च्या वर आलं तर ९० टक्के खात्रीने फरक आहे म्हणायचं.

आमचा फरक २०,६८७ उणे १९,३५१ बरोबर १,३३६. म्हणजे दोन्ही मिळून प्रमाण त्रुटी ८१२ डॉलरच्या आत असेल तरच 'घटलं' म्हणता येईल. २००० च्या आकड्याची त्रुटी शून्य धरली, जी नाहीच, तरी एकट्या एसीएसचं मार्जिन १,३३६ च्या आत हवं. जेमतेम पावणेपाच हजार माणसांच्या काउंटीत एवढं तंग मार्जिन मिळत नसतं. घट उभी राहत नाही.

बाईंना तिसरी मेल लिहायला बसलो आणि थांबलो. पहिलीत 'वाढलं', दुसरीत 'घटलं', आता काय लिहू? मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्हाला बातमी हवीय. आकड्यांत बातमी नाही, तर नाही." आणि वर, "मी विद्यार्थ्यांचे मार्क कापतो यासाठी."

२००५–०९ आणि २००६–१० असे दोन संच आहेत, त्यांच्यावरून तरी कल दाखवू, असा विचार केला. पण त्या दोघांत २००६ ते २००९ ही चार वर्षं सामाईक. फरक दिसला तर तो फक्त २००५ काढून २०१० घातल्याचा, तोही वेगवेगळ्या वर्षांच्या डॉलरमध्ये. टाकून दिलं.

११ फेब्रुवारी

तिसरी मेल न पाठवता फोन केला. सांगितलं: नुसत्या डॉलरमध्ये उत्पन्न वाढलेलं दिसतं, पण महागाई काढली की वाढल्याचा काहीही पुरावा उरत नाही. कदाचित घटलंय, पण ते छातीठोकपणे सांगण्याइतकी घरं विचारलेली नाहीत.

त्या गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे दहा वर्षांपूर्वी होतो तिथेच आहोत, फार तर थोडे खाली."

"हो."

"हे मी तुला आलेखाशिवाय सांगितलं असतं." पण मग त्याच म्हणाल्या, की अर्ज वाचणारे दुसऱ्या राज्यात बसतात, त्यांना ही रेघ हवीच.

मंडळातल्या एका तरुण सभासदाचा आग्रह होता, की ६.५ टक्के घट मोठ्या अक्षरांत टाका, मार्जिन खाली बारीक. अनुदान मिळायला तेच बरं. मला पटलं नाही आणि बाईंनाही नाही. मला भीती वेगळी होती: पुढच्या संचात आकडा उलट्या बाजूला गेला, तर हेच मंडळ 'आता सुधारलं' म्हणून अनुदान गमावेल, आणि तेव्हाही ते सुधारलेलं नसेल.

१८ फेब्रुवारी, शनिवार

अंतिम आलेख. १९९९ चा ठिपका २०,६८७ वर. २००६–१० ची आडवी पट्टी १९,३५१ वर, तिला मार्जिनएवढी उभी दांडी. सेपीच्या दोन फिकट रेषा, मध्ये २००४–०५ ची मोकळी जागा. सगळं २०१० च्या डॉलरमध्ये. खालची ओळ चार वेळा लिहून अशी ठरली: 'महागाई वजा जाता १९९९ ते २००६–१० या काळात मध्यक कुटुंब उत्पन्न वाढल्याचा पुरावा नाही. याच काळात निर्देशांक ३०.९ टक्क्यांनी वाढला.' पाच काउंट्यांचा, उत्पन्न-वर्गांच्या बेरजेने काढलेला मध्यक वेगळ्या चौकटीत, पद्धतीसह.

छापून पाहिलं तर फिकट रेषा काळ्या-पांढऱ्यात दिसेनात. तुटक केल्या. आणखी दीड तास.

२७ फेब्रुवारी

अर्ज गेला, मुदतीच्या दोन दिवस आधी. हिशेब: एकूण ६१ तास, त्यातले वापरात आलेले फार तर वीस. पेट्रोल, छपाई, टपाल मिळून चाळीस डॉलर. माहितीला शून्य खर्च, सगळी सरकारी किंवा विद्यापीठाची. फाइलचं शेवटचं नाव 'आउझली अंतिम ११'. मेहुण्याला एक काळी शेंगदाणा चिक्की कबूल केलीय, ती त्याच्याच गावात मिळते, म्हणजे ऑर्डर त्याच्याच आईला.

२००६–१० शी एकही वर्ष सामाईक नसलेला पुढचा संच २०११–१५ चा. तो डिसेंबर २०१६ मध्ये येणार. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, तक्त्याचा क्रमांक आणि 'डॉलर २०१५ चे असतील, २०१० चे वर आणणे' एवढं लिहून ठेवलं, आणि खाली ब्रेथिट, क्लेचे क्रमांक, पुढच्या शून्यासकट.